नाशिकहून पहिल्यांदा क्रूझला निघताना

पहिल्या क्रूझबद्दल कुणी विचारलं की माझं सांगणं ठरलेलं असतं: छोटी घ्या, मुंबईहून घ्या आणि बंदरं बघायला म्हणून जाऊ नका, समुद्रावर राहायला जा. मुंबई-गोवा-मुंबई अशा दोन-तीन रात्रींच्या फेरीत गोव्याच्या वाट्याला जेमतेम काही तास येतात. गोवा बघायचा म्हणून गेलेले लोक हिरमुसून परततात. चारही बाजूंनी पाणी, सकाळ-संध्याकाळचा बदलता उजेड आणि घरच्या माणसांसोबत मोकळा वेळ, एवढ्यासाठी गेलेल्यांना हीच फेरी पुरून उरते. पुढचं सगळं नियोजन याच एका गोष्टीवर ठरतं, म्हणून ती आधी घरात सगळ्यांशी बोलून घ्या.

कुठली फेरी, कोणत्या दिवसांत

मुंबईहून देशातल्या देशात चालणारी क्रूझ म्हणजे कॉर्डेलिया. सप्टेंबर २०२१ मध्ये ती सुरू झाली. त्यांचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेलं आहे, त्यामुळे परदेशी जाहिरातींतल्या नव्या महाकाय जहाजांचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून चढू नका. पोहण्याचा तलाव, नाटकं-गाण्यांचं थिएटर, मुलांसाठी जागा, चार-पाच ठिकाणी खाणंपिणं हे सगळं आहे, आणि पहिल्या अनुभवाला ते भरपूर आहे. गोवा, लक्षद्वीप, कोची असे मार्ग असतात. नक्की कोणत्या तारखेला कोणता, ते दर हंगामात बदलतं.

दुसरी पायरी सिंगापूर. तिथून मलेशिया-थायलंडकडे जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्या असतात आणि भारतीय प्रवासी इतके असतात की शाकाहारी, जैन जेवणाची अडचण सहसा येत नाही. भूमध्य समुद्र, अलास्का वगैरे त्यानंतर. समुद्र आपल्याला मानवतो की नाही, हे कळायच्या आधी सात-दहा रात्रींचे पैसे भरू नका.

ज्यांना फक्त लक्षद्वीपच बघायचं आहे त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. लक्षद्वीप प्रशासनाची ‘समुद्रम’ नावाची पाच दिवसांची सहल कोचीहून ‘एम. व्ही. कवरत्ती’ या प्रवासी जहाजावरून निघते आणि कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी तीन बेटं दाखवते. थाटमाट कमी, पण बेटांना वेळ जास्त.

तारीख ठरवताना आधी समुद्राचा विचार करायचा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा मुंबईहून फेऱ्या सहसा नसतात. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळांची शक्यता असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यात शांत दिवस. पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्यतो त्यातलेच निवडावेत. मात्र निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे महिने सांगण्यात अर्थ नाही, हे मला ठाऊक आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग सोडून हलता येत नाही, मग काढणी, मग एप्रिलची खरड छाटणी. अशा घरांनी खरड छाटणीची धावपळ उरकली की मेचा पहिला पंधरवडा बघावा. ऊन कडक असतं आणि हवामानखात्याच्या अंदाजावर लक्ष ठेवावं लागतं, पण समुद्र बहुतेक वेळा बरा असतो.

कॅबिन निवडताना

सगळ्यात जास्त विचार इथे करा, कारण एकदा चढल्यावर हे बदलता येईलच असं नाही. कॅबिनचे ढोबळ चार प्रकार: आतली, म्हणजे खिडकी नसलेली, खिडकीची, जिथे काच असते पण ती उघडत नाही, बाल्कनीची, आणि सुइट. आतली सगळ्यात स्वस्त. दिवा बंद केला की दिवस आहे की रात्र, काही कळत नाही. तरुण जोडपं किंवा मित्रमंडळी दिवसभर बाहेरच असणार असतील तर आतली घ्यायला हरकत नाही. आई-वडील सोबत असतील, दुपारी पडायची सवय असेल किंवा बंद खोलीत जीव घाबरत असेल, तर खिडकी हवीच. बाल्कनीचे पैसे दोन रात्रींसाठी खर्चावेत असं मला वाटत नाही. लांबच्या फेरीला मात्र ती खरोखर कामाला येते.

प्रकारापेक्षाही महत्त्वाची असते जागा. जहाज हलतं तेव्हा पुढचं आणि मागचं टोक सर्वांत जास्त वर-खाली होतं आणि वरचे मजले जास्त डोलतात. म्हणून मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची कॅबिन मागा. बुकिंगच्या वेळी डेकचा नकाशा मिळतो. त्यावर बघा की डोक्यावर नाचाचा हॉल किंवा स्वयंपाकघर तर येत नाही ना. वर-खाली दोन्ही मजल्यांवर कॅबिनच असतील तर झोप शांत लागते. लिफ्टच्या जवळची खोली आजी-आजोबांना सोयीची, पण अगदी लिफ्टला लागून नको.

‘गॅरंटी कॅबिन’ स्वस्त मिळते, कारण नंबर कंपनी नंतर देते. मग जागा निवडण्याचा हक्क जातो. बोट लागणाऱ्यांनी या सवलतीच्या मोहात पडू नये.

मुंबईहून दक्षिणेला जाताना सूर्यास्त जहाजाच्या उजव्या अंगाला असतो, परतताना डाव्या. खिडकी कोणत्या बाजूची घ्यायची हे ठरवताना एवढं लक्षात असू द्या.

खरा आकडा काढा

जाहिरातीतला दर हा माणशी असतो आणि तोही एका कॅबिनमध्ये दोघं राहणार असं धरून. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर बहुतेक वेळा यापेक्षा कमी असतो. एकट्याने गेलात तर जवळजवळ दोघांचे पैसे मोजावे लागतात. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी येतात. कॉलेज रोड असो की शरणपूर रोड, कुठल्याही एजंटकडे गेलात तरी एकच प्रश्न विचारा: ‘सगळं धरून, कुटुंबाचा शेवटचा आकडा किती?’ आणि तो कागदावर घ्या. त्याच कागदावर रद्द करण्याचे नियमही लिहून घ्या, कारण तारीख जवळ येईल तशी परतावा मिळणारी रक्कम झपाट्याने घटते.

सर्वसाधारणपणे भाड्यात राहणं, मुख्य जेवणं, बरेचसे कार्यक्रम आणि तलाव एवढं येतं. दारू, बहुतेक शीतपेयं, खास उपाहारगृहं, स्पा, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली आणि काढलेले फोटो यांचे पैसे वेगळे. कॅसिनोही असतो. तिकडे जायचंच असेल तर किती घालवायचे ते खोलीतूनच ठरवून निघा.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच गोळा केला जाणारा आयकर, वसूल करतो. त्यासाठी पॅन लागतो आणि विवरणपत्र भरताना ती रक्कम आपल्या करात वळती करून घेता येते. पण तेवढे पैसे आधी हातात असावे लागतात, म्हणून ते हिशोबात धरा.

कागदपत्रं

देशांतर्गत फेरीला सरकारी ओळखपत्र पुरतं, पण ते मूळ हवं. मोबाइलमधला फोटो दाखवून धक्क्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. लहान मुलांचं आधार किंवा जन्मदाखला सोबत ठेवा. लक्षद्वीपला जायला प्रवेशपरवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढून देते, पण त्यासाठी मागितलेली माहिती वेळेत भरावी लागते.

परदेशासाठी पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने उरलेली असावी. नसेल तर आधी नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या, मग तिकीट काढा. पोलिस पडताळणीला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो. सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच परतणारी क्रूझ असेल तर तुम्ही त्या देशात दोनदा प्रवेश करता. तेव्हा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे डोळ्यांनी वाचून बघा. वाटेतल्या बंदरावर उतरायचं नसलं तरी त्या देशाचा नियम काय आहे, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

प्रवास विमा घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी भारी असते, आणि समुद्रातून माणसाला तातडीने किनाऱ्यावर हलवावं लागलं तर तो खर्च घर हलवून टाकतो. विम्यात क्रूझ आणि असं हलवणं दोन्ही धरलंय का, ते तपासा. गरोदर बाईला चोविसाव्या आठवड्यापासून बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही नाही.

बोट लागण्याची भीती

नाशिककरांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि कसारा घाटात ज्यांना गाडी लागते त्यांचा तर नक्कीच. घाबरून बेत रद्द करण्याआधी एक सोपी चाचणी करा. मुंबईला गेलात की भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे माणसांसोबत गाड्याही नेणारी बोट, पकडा. तासाभराचा खऱ्या समुद्रावरचा प्रवास होतो आणि शरीर काय म्हणतं ते कळतं. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबमध्ये फिरून याचा अंदाज येत नाही, तिथे लाट कुठे असते? मोठ्या जहाजाला दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख्यांसारखे स्थिरक असतात, त्यामुळे ते रो-रोपेक्षा बरंच कमी डोलतं. म्हणजे रो-रोवर निभावलं तर क्रूझवर काळजी नाही.

तरी त्रास होणाऱ्यांनी गोळी आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. अव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, शिवाय रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. आलेपाक किंवा सुंठेच्या वड्या खिशात असू द्या. अस्वस्थ वाटायला लागलं की खोलीत जाऊन मोबाइल बघत पडू नका. मधल्या डेकवर मोकळ्या हवेत या आणि नजर क्षितिजावर ठेवा. डोळ्यांना जे दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जे जाणवतं ते जुळेनासं झालं की मळमळतं. क्षितिज बघितलं की दोन्हींचा मेळ बसतो.

बॅग भरताना

दोन बॅगा करा. मोठी बॅग धक्क्यावर लेबल लावून घेतली जाते आणि कॅबिनपाशी यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून औषधं, ओळखपत्रं, चार्जर, मुलांचे एक जोडी कपडे आणि पोहण्याचा पोशाख हातातल्या पिशवीत ठेवा. सुती कपड्यांत तलावात उतरू देत नाहीत. आत एसी जोरात असतो आणि डेकवर वारा, त्यामुळे शाल किंवा स्वेटर हवाच. रबरी तळाच्या चपला घ्या, डेक ओला असतो. एखादी संध्याकाळ नटूनथटून जेवायची असते. त्या दिवशी येवल्याची पैठणी नेसून जा, तिच्यापुढे दुसरा कुठलाच पोशाख उठून दिसत नाही.

इस्त्री, पाण्याची किटली, चाकू-सुरी, बाहेरची दारू, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन यातलं काहीही नेऊ नका. समुद्रावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, म्हणून हे नियम कडक आहेत. देवपूजा हात जोडून होते. घरी बनवलेले शिजवलेले पदार्थही बऱ्याच कंपन्या आत नेऊ देत नाहीत. चिवडा, चिक्की न्यायची असेल तर बंद पाकिटातली घ्या. उपवास असेल तर जहाजावर फळं-दूध मिळतं, साबुदाण्याच्या खिचडीची खात्री धरू नका. सिंगापूरला जाताना खायचा तंबाखू, गुटखा, च्युइंगम आणि ई-सिगारेट घरीच ठेवा, तिथे यांवर बंदी आहे.

नाशिक ते बॅलार्ड पिअर

गाडीने जायचं ठरवलं तर कसारा, शहापूर, भिवंडी यांतलं कुठलंही एक ठिकाण तुमचा बेत उधळू शकतं. इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाटाचा त्रास वाचतो, पण आमण्याच्या पुढची गर्दी आहेच. शिवाय तीन दिवस मुंबईत गाडी लावायची कुठे, हा प्रश्न वेगळाच. मला पंचवटी एक्स्प्रेसच बरी वाटते. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटते, अकराच्या सुमारास सीएसएमटीला सोडते, आणि तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. आरक्षण साठ दिवस आधी खुलतं, त्याच दिवशी करा. ही रोज ये-जा करणाऱ्यांची गाडी आहे, बॅगांसह उभं राहून जायचं नाही. सिंगापूरला विमानाने जाऊन क्रूझ पकडायची असेल तर मात्र एक दिवस आधी पोहोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.

पूर्वी विलायतेच्या बोटींचे उतारू याच बॅलार्ड पिअरला उतरत आणि तिथल्याच स्टेशनातून फ्रंटियर मेलने उत्तरेला जात. रांगेत उभं असताना मुलांना हे सांगण्यासारखं आहे.

वेब चेक-इन घरूनच करून निघा. चढायची जी वेळ दिली असेल ती पाळा. दरवाजे जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतात.

चढल्यावर

आधी जेवून घ्या, खोल्या तयार होईपर्यंत बुफे सुरू असतो. दारात हात धुवा, आणि प्रत्येक वेळी धुवा. बंद जागेत इतकी माणसं एकत्र असली की पोटाचा संसर्ग झपाट्याने पसरतो.

मग सुरक्षेचा सराव. सात छोटे आणि एक लांब असा भोंगा वाजतो, म्हणजे चढताना मिळालेल्या आपल्या कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ ही क्रूझ आडवी झाली आणि ३२ माणसं गेली. त्यातल्या अनेक प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी तो घ्यावाच लागतो. आपल्याकडे जुन्या माणसांना १७ जुलै १९४७ ची ‘रामदास’ बोट आठवते, ऐन पावसाळ्यात मुंबईहून रेवसला निघालेली, सहाशेहून अधिक माणसांसह बुडालेली. घरातल्या आजीला ही भीती असेल तर हसण्यावारी नेऊ नका. तिला सोबत घेऊन जीवनरक्षक नौका कुठे आहेत ते दाखवा, जाकीट कसं घालायचं ते दाखवा. आताच्या जहाजावर प्रत्येकासाठी जागा आणि जाकीट असतं, हे डोळ्यांनी बघितलं की मन निवांत होतं.

त्यानंतर फोन विमान मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जाऊ शकतो आणि त्याचं बिल जबरदस्त येतं. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही.

जहाज सुटताना खोलीत बसू नका. उघड्या डेकवर जागा धरा. उजव्या हाताला गेटवे आणि ताज मागे सरकतात, मग कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्जचं दीपगृह लागतं. डाव्या हाताला अलिबागचे डोंगर आणि त्यांच्या पुढ्यात खांदेरी-उंदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमाराने इंग्रजांना न जुमानता खांदेरीवर किल्ला उभारला, तो मुंबईच्या तोंडाशीच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत आपल्या बागलाणातला साल्हेर आहे आणि हा खांदेरीही आहे. साल्हेर चढलेल्या मुलांना इथे काय दिसतंय हे नक्की सांगा. दुर्बीण असेल तर ती याच वेळी बाहेर काढा.

समुद्रावरचा दिवस

खोलीत रोज कार्यक्रमपत्रिका येते. सकाळी योग, दुपारी खेळ, संध्याकाळी जादू, रात्री नाटक आणि नाच. सगळं करायला गेलात तर पायऱ्या चढून-उतरून थकाल. दोन निवडा, बाकी सोडून द्या. रात्रीच्या मोठ्या कार्यक्रमाची जागा लवकर भरते, तेवढी आधी बघून ठेवा.

पहाटे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी डेकवर या. त्या वेळी तिथे मोजकी माणसं असतात. जहाजाच्या पुढच्या भागाकडून पाणी चिरताना उडणारे मासे दिसतात, नशीब असेल तर डॉल्फिनही. रात्री दिव्यांपासून दूरचा कोपरा शोधा आणि वर बघा. शहरातून न दिसणारे कितीतरी तारे दिसतात. हे दोन तास मला संपूर्ण कार्यक्रमपत्रिकेपेक्षा मोलाचे वाटतात.

एक विनंती मनापासून. समुद्र दिसला की नारळ, फुलं, निर्माल्य वाहावंसं वाटतं. जहाजावरून काहीही टाकू नका. प्लास्टिक समुद्रात टाकण्यावर तर आंतरराष्ट्रीय कराराने १९८८ पासून बंदी आहे, आणि बाल्कनीतून फेकलेली वस्तू वाऱ्याने खालच्या मजल्यावर येऊ शकते.

बंदरावर उतरताना

जहाजाची वेळ घड्याळात लावून ठेवा, कारण परदेशात किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते. ‘परत चढायची वेळ’ ही जहाज सुटण्याच्या आधीची असते. तिच्याही तासभर आधी धक्क्यावर या. कंपनीने नेलेली सहल उशिरा परतली तर जहाज वाट बघतं, स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी बघत नाही. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून पणजी तीसेक किलोमीटर, म्हणजे एकच ठिकाण निवडा.

लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. समुद्रातच छोट्या बोटीत उतरावं लागतं, दोन्ही बोटी हलत असताना पाऊल टाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यावं, आणि हवा बिघडली तर उतरणं रद्द होऊ शकतं हेही. अशा वेळी रिसेप्शनवर भांडू नका, कप्तानाने घेतलेला तो निर्णय तुमच्याच जिवासाठी असतो. बेटावरून प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलू नका, तो गुन्हा आहे.

शेवटची रात्र

बिल रात्रीच रिसेप्शनवर जाऊन तपासा. सकाळी रांग लांब असते. मोठ्या बॅगा रात्री खोलीबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी सकाळचे कपडे, चपला आणि औषधं बाजूला काढून ठेवा. बँकेच्या कार्डावर अनामत रक्कम अडकवलेली असेल तर ती सुटायला काही दिवस लागतात, आठवड्याभराने बँकेचं स्टेटमेंट बघा.

उतरण्याची वेळ सकाळची असली तरी तपासणी, बॅगा, टॅक्सी यांत दुपार होऊ शकते. परतीची पहिलीच गाडी धरू नका. दुपारी जालना-नांदेडकडे जाणारी वंदे भारत नाशिकरोडला थांबते, आणि ती चुकलीच तर संध्याकाळी पंचवटी आहेच.